हौशी गोल्फच्या चित्रफीत-वाहिन्या

हौशी गोल्फच्या चित्रफीत-वाहिन्या म्हणजे सर्वसामान्य गोल्फपटूंच्या दृष्टीने गोल्फचा खेळ, त्याचे शिक्षण, साहित्याची पारख आणि मैदानांची भ्रमंती यांचे चित्रण करून ते मुख्यतः यूट्यूबसारख्या संकेतस्थळांवरून प्रसारित करणाऱ्या वाहिन्या होत. इंग्रजीभाषक देशांत या प्रकाराला ‘यूट्यूब गोल्फ’ असे म्हटले जाते. दूरचित्रवाणीवर दिसणारा गोल्फ हा जगातील मोजक्या निष्णात खेळाडूंचा असतो. या वाहिन्यांनी चुकणारा, झाडीत चेंडू हरवणारा आणि तरीही हसतखेळत पुढे जाणारा खेळाडू पडद्यावर आणला. त्यामुळे हा खेळ अनेकांना आपलासा वाटू लागला. त्याचबरोबर संपादित चित्रणामुळे निर्माण होणारा आभास, सरसकट दिलेला सल्ला, अप्रकट जाहिराती आणि केवळ पाहून शिकल्याचा भ्रम हे या माध्यमाचे दोषही चर्चेत आले आहेत.

संज्ञा आणि स्वरूप

येथे ‘हौशी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. गोल्फच्या नियमांत हौशी खेळाडू ही एक निश्चित संज्ञा असून तिच्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे. व्यवहारात मात्र आवड म्हणून खेळणाऱ्या कोणालाही हौशी म्हणतात. या वाहिन्या चालवणाऱ्यांमध्ये दोन्ही प्रकारचे लोक आढळतात. काही जण खरोखरच हौशी असतात, काही प्रमाणित प्रशिक्षक असतात, तर काही जण व्यावसायिक स्पर्धांमध्ये खेळलेले असतात. त्यांना एकत्र आणणारा धागा म्हणजे त्यांचा प्रेक्षक. तो बहुधा हौशी असतो.

या प्रेक्षकाची पातळी समजण्यासाठी ‘हँडिकॅप’ ही कल्पना उपयोगी पडते. १८ होलच्या मैदानावर निपुण खेळाडूकडून अपेक्षित असलेल्या फटक्यांच्या संख्येला ‘पार’ म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी ७२ किंवा तिच्या आसपास असते. खेळाडूला या मापापेक्षा साधारणतः किती फटके अधिक लागू शकतात, याचा अंदाज हँडिकॅपवरून येतो. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून हा आकडा काढला जातो आणि त्याची कमाल मर्यादा ५४ आहे. अमेरिकेत अधिकृत हँडिकॅप असलेल्या पुरुषांची सरासरी सुमारे १४, तर स्त्रियांची सुमारे २८ आहे. अधिकृत हँडिकॅप न ठेवणारे असंख्य खेळाडू या गणतीत येतच नाहीत.

आशयानुसार या वाहिन्यांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात : तंत्र शिकवणाऱ्या, साहित्याची चाचणी घेणाऱ्या, मित्रमंडळींचे सामने आणि पैजा दाखवणाऱ्या, आणि मैदानांची सफर घडवणाऱ्या. बहुतेक वाहिन्या यांपैकी एकाहून अधिक प्रकार हाताळतात.

पूर्वेतिहास

पडद्यावरून गोल्फ शिकवण्याची कल्पना यूट्यूबपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा गोल्फच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ हौशी खेळाडू मानला जातो. १९३० मध्ये त्याने त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेसाठी त्याने १९३१ मध्ये ‘हाऊ आय प्ले गोल्फ’ ही लघुपटांची मालिका केली. तीत हॉलिवूडमधील नामवंत नट-नट्या त्याचे शिष्य म्हणून दिसतात आणि शिकवणीला विनोदी कथानकाची जोड दिलेली आहे. १९३३ मध्ये तिच्या पाठोपाठ ‘हाऊ टू ब्रेक नाइन्टी’ ही मालिका आली. नव्वदच्या आत फेरी पूर्ण करणे हे सामान्य खेळाडूचे स्वप्न तिच्या नावातच होते. आजच्या वाहिन्यांवरील ‘ब्रेक ७५’ किंवा ‘ब्रेक ५०’ ही शीर्षके त्याच परंपरेतील आहेत. या चित्रपटांसाठी मोबदला घेणे हौशीपणाच्या तत्त्वाशी सुसंगत नाही, हे ओळखून जोन्सने आपला हौशी दर्जा सोडला होता.

यूट्यूबची स्थापना २००५ मध्ये झाली. पुढे इंग्लंडमधील मार्क क्रॉसफील्ड, रिक शील्स, पीटर फिंच या प्रशिक्षकांनी आपल्या शिकवणीच्या व साहित्य-चाचणीच्या चित्रफिती नियमितपणे प्रसारित करण्यास सुरुवात केली. हळूहळू शिकवणीच्या जोडीला मैदानावरील संपूर्ण फेरीचे चित्रण आले आणि खेळताना चाललेला संवाद हाच कार्यक्रमाचा गाभा बनला. कोविड-१९ च्या साथीच्या काळात मोकळ्या हवेतील, परस्परांपासून अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून अनेक देशांत गोल्फकडे नवे खेळाडू वळले. २०२० मध्येच अमेरिकेत ‘गुड गुड’ हा तरुण मित्रांचा गट एकत्र आला. त्याने सामने, पैजा आणि थट्टामस्करी यांवर भर दिला आणि पुढे स्वतःच्या नावाची वस्त्रे व साहित्य यांचा व्यवसाय उभारला.

लोकप्रियतेची कारणे

या वाहिन्यांच्या आकर्षणाचे पहिले कारण म्हणजे ओळखीची भावना. दूरचित्रवाणीवरील खेळाडू सुमारे ३०० यार्ड अंतरावर चेंडू मारतो आणि पुढच्या फटक्यात तो हिरवळीवर नेऊन ठेवतो. हे कौतुकास्पद असले, तरी त्यात सामान्य खेळाडूला आपले प्रतिबिंब दिसत नाही. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू बाहेर काढताना दोनदा फसलेला खेळाडू पडद्यावर दिसला, की प्रेक्षकाला धीर येतो.

दुसरे कारण म्हणजे खेळाडूच्या मनात चाललेला विचार ऐकू येतो. कोणती काठी घ्यावी, वारा कोणत्या दिशेने आहे, पाण्यावरून धोका पत्करावा की बाजूने सुरक्षित जावे, याचा ऊहापोह खेळाडू फटक्यापूर्वी मोठ्याने करतो. गोल्फमध्ये प्रत्यक्ष फटका क्षणार्धात संपतो. फेरीला लागणाऱ्या चार तासांतील उरलेला बहुतेक वेळ चालण्यात आणि निर्णय घेण्यात जातो. खेळाचा हा मोठा अंश थेट प्रक्षेपणात अव्यक्त राहतो. या वाहिन्यांनी तो बोलका केला.

तिसरे कारण प्रवेशाचे आहे. अनेक नामांकित मैदाने खाजगी असून तेथे सदस्यांखेरीज कोणास पाय ठेवता येत नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ सार्वजनिक असले, तरी तेथे खेळण्यासाठी बहुतेकांना सोडतीतून नाव निघण्याची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणांची होलमागून होल सफर घरबसल्या घडणे, हे अनेकांना पुरेसे असते. शिवाय शिष्टाचार, पोशाख, फेरीचा क्रम अशा गोष्टी विचारण्यास नवख्याला संकोच वाटतो. त्या येथे न विचारता समजतात.

ज्ञानप्रसारातील वाटा

काही बाबतींत या वाहिन्यांनी जुन्या गैरसमजांना छेद दिला. याचे ठळक उदाहरण चेंडूच्या दिशेचे आहे. चेंडू प्रथम काठीच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि नंतर काठीच्या पात्याचे तोंड ज्या दिशेला असेल तिकडे वळतो, असे अनेक दशके शिकवले जात असे. ‘ट्रॅकमॅन’ या डॅनिश संस्थेच्या व तत्सम रडार-यंत्रांनी केलेल्या मोजणीतून वेगळे चित्र स्पष्ट झाले. चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः पात्याचे तोंड ठरवते. तोंडाची दिशा आणि काठीचा मार्ग यांतील तफावतीमुळे तो हवेत वळतो. जुन्या समजुतीप्रमाणे लक्ष्याकडे तोंड ठेवून डावीकडे काठी फिरवणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू लक्ष्याच्या बऱ्याच जवळच्या दिशेने निघून उजवीकडे भरकटत असे आणि आपले काय चुकले, हे त्याला उमगत नसे. हे सुधारित ज्ञान पूर्वी प्रशिक्षकांच्या वर्तुळात राहिले असते. चित्रफितींमुळे ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले.

मर्यादा आणि धोके

संपादनाचा आभास : चार तासांची फेरी चित्रफितीत अर्ध्या-पाऊण तासात बसवली जाते. काय वगळायचे, हे निर्माता ठरवतो, आणि रंजक फटके टिकून राहणे स्वाभाविकच असते. परिणामी प्रेक्षकाच्या मनातील यशाचे प्रमाण फुगते. वस्तुस्थिती अशी, की अमेरिकेतील पीजीए टूर या सर्वोच्च पातळीवरील व्यावसायिक खेळाडूंनाही ८ फुटांवरून चेंडू होलमध्ये घालण्यात साधारणपणे निम्म्या वेळाच यश येते. हे ठाऊक नसलेला नवखा खेळाडू त्याच अंतरावरून चुकल्यावर स्वतःला दोष देतो.

खेळाच्या प्रकारामुळेही गैरसमज होतो. ‘ब्रेक ५०’ मध्ये दोन खेळाडू जोडीने ‘स्क्रँबल’ पद्धतीने खेळतात. म्हणजे दोघेही फटका मारतात, त्यांतील उत्तम निवडतात आणि पुढचा फटका तेथूनच खेळतात. सुरुवातही पुढच्या, म्हणजे कमी अंतराच्या टीवरून होते. अशा रीतीने मिळालेल्या ५० या आकड्याची एकट्याने खेळलेल्या फेरीशी तुलना होऊ शकत नाही. काही मैत्रीपूर्ण फेऱ्यांत होलजवळचा चेंडू प्रत्यक्ष न घालताच ‘दिला’ जातो किंवा बिघडलेला फटका पुन्हा घेतला जातो. समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला पुढचा फटका बहाल करण्याची मुभा आहे. परंतु एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात प्रत्येक होल पूर्ण करणे नियमाने बंधनकारक असते. खेळाडूने स्वतःची गुणसंख्या स्वतः प्रामाणिकपणे नोंदवणे, हा गोल्फचा पाया आहे. त्यामुळे या सवलती प्रेक्षकाला स्पष्ट सांगितल्या जातात की नाही, याला महत्त्व येते.

पाहणे आणि येणे : मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत, एखादे कौशल्य वारंवार पाहिल्याने माणसाच्या क्षमतेत वाढ होते की केवळ आत्मविश्वासात, हे तपासले. चकतीवर बाण मारण्यासारखी कृती अनेकदा पाहणाऱ्यांना ती आपल्याला अधिक चांगली जमेल असे वाटू लागले; प्रत्यक्षात मात्र त्यांची कामगिरी ती एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. हे प्रयोग गोल्फवर केलेले नव्हते, तथापि त्यांचा निष्कर्ष येथे थेट लागू पडतो. काठीचे वजन, पकडीतील ताण, पायांखालचा उतार या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या अंगालाच कळतात.

सर्वांना एकच औषध : मैदानावरील शिक्षक प्रथम विद्यार्थ्याचा फटका पाहतो आणि मग बोलतो. चित्रफितीतील शिक्षकाला विद्यार्थी दिसतच नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो. या दोषाला ‘स्लाइस’ म्हणतात. त्यावर पकड बदलण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो ज्याचा चेंडू मुळातच डावीकडे वळतो त्याचा दोष अधिकच वाढवतो. हा प्रश्न पुस्तकांच्या काळातही होता. बेन होगन या थोर अमेरिकी खेळाडूला कारकिर्दीच्या आरंभी डावीकडे वळणाऱ्या फटक्याने सतावले होते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘फाइव्ह लेसन्स’ या गाजलेल्या पुस्तकातील पकड ही त्या दोषाला आवर घालणारी असल्याने उलट दोष असलेल्या वाचकांना ती मानवत नाही, असा आक्षेप अनेक प्रशिक्षकांनी घेतला आहे. तथापि वाचकाच्या हाती पुस्तक एकच असे. प्रेक्षकापुढे एकाच दोषावर परस्परविरोधी उपाय सांगणाऱ्या शेकडो चित्रफिती असतात. एक उपाय अंगवळणी पडण्याआधीच तो दुसऱ्याकडे वळतो आणि कोणताच उपाय पुरता तपासला जात नाही.

अनेक चित्रफितींत मनगट, कोपर, कंबर अशा अवयवांच्या स्थितीवर भर असतो. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्या नवशिक्यांपेक्षा काठीच्या हालचालीकडे लक्ष देणारे नवशिके अधिक अचूक ठरले. अवयवांचे सूक्ष्म विश्लेषण पाहण्यास उद्बोधक असले, तरी फटका मारताना तेच मनात घोळवणे बाधक ठरू शकते.

चित्रणातील दृष्टिभ्रम : प्रेक्षक अनेकदा स्वतःचे चित्रण करून ते आदर्श खेळाडूच्या चित्रणाशी ताडून पाहतात. कॅमेरा थोडा डावी-उजवीकडे किंवा वर-खाली सरकला, तरी काठीचा मार्ग वेगळा भासतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रतिमा एकाच क्षणी न टिपता ओळीओळीने टिपली जाते; त्यामुळे वेगाने फिरणारी काठी असते त्याहून कितीतरी अधिक वाकलेली दिसते. नसलेला दोष सुधारण्याचा प्रयत्न यातून सुरू होऊ शकतो.

साहित्य आणि जाहिरात : नव्या काठ्यांची चाचणी हा लोकप्रिय विषय आहे. निर्मात्याला साहित्य मोफत मिळालेले असते किंवा उत्पादकाशी त्याचा करार झालेला असतो. अशा वेळी परीक्षण आणि जाहिरात यांतील रेषा पुसट होते. गोल्फच्या नियमांनुसार लांब पल्ल्याच्या ‘ड्रायव्हर’ या काठीच्या डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपेक्षा अधिक असता येत नाही, आणि चेंडू उसळवून देण्याच्या तिच्या क्षमतेवरही मर्यादा आहे. म्हणून दरवर्षीच्या नव्या नमुन्याने अंतरात मोठी वाढ होईल, हा दावा सावधपणे घ्यावा लागतो. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही आर्थिक हितसंबंध स्पष्ट शब्दांत उघड करण्याविषयी सूचना प्रसृत केल्या.

शारीरिक इजा : गोल्फ हा सौम्य खेळ वाटला, तरी स्विंग करताना पाठीच्या कण्याला वेगाने पीळ बसतो. कंबरेच्या खालच्या भागातील दुखणे ही गोल्फपटूंची सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. कोपराच्या आतल्या बाजूच्या स्नायुबंधाच्या दुखण्याला तर ‘गोल्फर्स एल्बो’ असेच नाव पडले आहे. लवचीक शरीराच्या तरुणाचा जोरकस स्विंग पाहून पूर्वतयारीशिवाय त्याचे अनुकरण करणे मध्यमवयीन खेळाडूला महागात पडू शकते.

मैदानावरील शिस्त : एकाच फटक्याचे अनेक बाजूंनी चित्रण करताना मागच्या गटाचा खोळंबा होतो. २०१९ पासून लागू असलेल्या नियमांत एका फटक्यास ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये, अशी शिफारस आहे. अनुकरणाने प्रत्येक गट चित्रीकरण करू लागल्यास फेरीचा वेळ लांबतो.

हौशी दर्जाचे नियम

बॉबी जोन्सपुढे उभा राहिलेला प्रश्न त्यानंतरही अनेक दशके कायम होता. गोल्फमधील कौशल्याचा किंवा कीर्तीचा आर्थिक लाभ घेणे हौशी खेळाडूला वर्ज्य होते. १ जानेवारी २०२२ पासून आर अँड ए आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या नियामक संस्थांनी सुधारित नियम लागू केले. त्यांनी प्रायोजकत्व व जाहिरातीतून मिळणाऱ्या उत्पन्नावरील निर्बंध काढून टाकले. स्पर्धेतील बक्षिसाच्या रकमेची मर्यादा आणि प्रत्यक्ष शिकवणीसाठी मोबदला घेण्यावरील निर्बंध मात्र राहिले. त्यामुळे वाहिनीतून उत्पन्न मिळवणारा खेळाडूही नियमानुसार हौशी राहू शकतो. ९० वर्षांपूर्वी ज्या कारणाने जोन्सला हौशी दर्जा सोडावा लागला, ते कारण आता उरलेले नाही.

व्यावसायिक गोल्फशी संबंध

व्यावसायिक खेळाडूंनीही हे माध्यम स्वीकारले आहे. २०२४ ची अमेरिकी खुली स्पर्धा जिंकणारा ब्रायसन डीशॅम्बो हा त्यांतील सर्वांत ठळक होय. २०२४ च्या अखेरीस आपल्या घरावरून चेंडू मारून तो पलीकडच्या होलमध्ये एका फटक्यात घालण्याचा उपक्रम त्याने चित्रित केला. त्याला सोळाव्या दिवशी यश आले. अपयशाचे पंधरा दिवस त्याने लपवले नाहीत, आणि प्रेक्षकांची उत्सुकता त्यांमुळेच टिकून राहिली.

पीजीए टूरने ऑगस्ट २०२४ मध्ये अटलांटातील ईस्ट लेक येथे वाहिनीकारांसाठी ‘क्रिएटर क्लासिक’ ही स्पर्धा भरवली. तीत १६ जणांनी भाग घेतला आणि ल्यूक क्वान विजयी झाला. २०२५ मध्ये ग्रँट हॉर्वट या वाहिनीकाराला पीजीए टूरच्या बॅराकुडा स्पर्धेत खेळण्याचे निमंत्रण मिळाले. मात्र स्पर्धेदरम्यान स्वतःच्या वाहिनीसाठी चित्रीकरण करण्यास नियमांची आडकाठी असल्याने त्याने ते नाकारले. मोठ्या स्पर्धेतील प्रवेशापेक्षा प्रेक्षकांशी असलेले नाते एखाद्या खेळाडूला अधिक मोलाचे वाटू शकते, हे या प्रसंगातून दिसून आले.

भारतातील संदर्भ

भारतात गोल्फ जुना आहे. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. तरीही येथे मैदाने थोडी असून त्यांतील बहुतेक क्लबांच्या, लष्कराच्या किंवा गृहसंकुलांच्या ताब्यात आहेत. सिडकोने नवी मुंबईत खारघर येथे विकसित केलेल्या मैदानासारखी उदाहरणे मोजकीच आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले आणि ती चौथी आली, तेव्हा पदकाच्या आशेने सामना पाहणाऱ्या अनेक भारतीयांनी पार, बर्डी हे शब्द प्रथमच ऐकले. मैदान आणि शिक्षक दोन्ही दूर असलेल्या अशा देशात चित्रफीत हाच बहुतेकांचा पहिला, आणि अनेकदा एकमेव शिक्षक ठरतो. म्हणून तिचे लाभ आणि तिच्या मर्यादा दोन्ही येथे अधिक जाणवतात.

केवळ पाहून शिकण्याची परंपरा भारतीय गोल्फला अपरिचित नाही. एस. एस. पी. चौरसिया याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखणारे कर्मचारी होते. त्याने रीतसर शिकवणीविना, तेथील खेळाडूंना पाहत आणि कॅडीचे काम करीत खेळ आत्मसात केला. पुढे २०१६ आणि २०१७ असे सलग दोनदा त्याने इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. त्याच्याही शिक्षणाचा आरंभ निरीक्षणातूनच झाला होता. मात्र जे पाहिले ते करून बघण्यासाठी त्याच्यापाशी मैदान होते, आणि त्याने पाहिलेल्या फेऱ्यांतील चुकलेले फटके कोणी कापून टाकलेले नव्हते.